लोअर केलेल्या रोजच्या गाडीला परवडणारे शॉकअप कसे निवडायचे: स्विफ्ट, पोलो, सिटीवाल्यांसाठी सविस्तर

लोअरिंग स्प्रिंग टाकल्या, गाडी ३०-३५ मिमी खाली आली, दिसायला एकदम भारी झाली, आणि मग काही दिवसांनी पुढून ठक ठक सुरू होते, मागे दोन माणसं बसली की प्रत्येक ब्रेकरला धप्पकन आवाज येतो, मग सगळे विचारत सुटतात की बिलस्टीन घेऊ की कोनी की गॅब्रिएलच चालेल. ब्रँड हा खरं तर सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे. खाली घेतलेल्या गाडीचं दुखणं बहुतेक वेळा शॉकअप मऊ असण्याचं नसतं, शॉकअपला वर-खाली हलायला जागाच उरलेली नसते. त्यामुळे या लेखात माझं सगळं सांगणं एकाच गोष्टीभोवती आहे: पैसे कडकपणावर घालवू नका, ट्रॅव्हलवर घालवा, म्हणजे शॉकअपच्या दांड्याला मिळणाऱ्या जागेवर.

आधी एक बेसिक गोष्ट, कारण दुकानात गोंधळ होतो. स्विफ्ट, पोलो, सिटी या सगळ्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो आणि मागे टॉर्शन बीम, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा लोखंडी भाग. स्ट्रट म्हणजे शॉकअप आणि चाकाला धरून ठेवणारा खांब एकाच नगात, स्प्रिंग त्याच्यावरच बसते, स्टीअरिंग फिरवलं की तो अख्खा फिरतो आणि वळणावर त्याच्या दांड्यावर आडवा जोरही येतो. मागचा शॉकअप साधा, त्याला फक्त वर-खाली हलायचं, स्प्रिंग शेजारी वेगळी. म्हणून मागचं काम स्वस्त आणि सोपं, पुढचं महाग आणि काळजीचं, आणि बजेट कमी असेल तर चांगला माल पुढे टाका. फक्त एका एक्सलला जोडी एकसारखीच हवी, डावीकडे नवा आणि उजवीकडे जुना असला प्रकार अजिबात करू नका.

पायरी १: गाडीत किती ट्रॅव्हल उरलाय ते मोजा

हे कोणी करत नाही आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात. गाडी सपाट जागेवर लावा, टायरची हवा बरोबर करा, आणि चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंना मोजून लिहून ठेवा. फेंडर आणि टायरमधली गॅप मोजू नका, टायर बदलला की तो आकडा बदलतो. त्याच मॉडेलच्या स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशाच गाडीचं हेच माप मित्राकडून घेतलं की तुमची गाडी खरंच किती खाली आलीय ते कळतं, स्प्रिंगच्या डब्यावर ३० लिहिलेलं असतं आणि गाडीवर ४० निघतं असं सर्रास होतं, विशेषतः डिझेलला पुढे, कारण इंजिन जड.

मग डस्ट कव्हर वर सरकवून चकचकीत दांडा बघा. दांड्यावर वरच्या बाजूला जो फोमसारखा ठोकळा असतो तो बंप स्टॉप. गाडी उभी असताना शॉकअपच्या बॉडीचं वरचं टोक आणि बंप स्टॉपचा खालचा भाग यांच्यात किती अंतर आहे ते मोजा. आता दांड्यावर एक प्लॅस्टिकची झिप टाय घट्टसर बांधा, बॉडीला टेकवून ठेवा, आणि तुमच्या नेहमीच्या रस्त्याने दोन-तीन दिवस फिरा. शॉकअप दबतो तेव्हा बॉडी त्या टायला वर ढकलते आणि टाय तिथेच राहते, म्हणजे सगळ्यात जास्त किती दबला ते कळतं. टाय बंप स्टॉपमध्ये खोलवर घुसलेली दिसली तर तुमची गाडी रोज स्टॉपवर बसतेय, आणि अशा वेळी जास्त कडक शॉकअप टाकून धक्का कमी होणार नाही, उलट वाढेल.

स्ट्रटच्या गाडीत हिशोब सरळ आहे, चाक ३० मिमी वर आलं तर दांडाही जवळपास तेवढाच आत जातो. समजा स्टॉकमध्ये स्टॉपच्या आधी ४० मिमी मोकळी जागा होती, तर ३५ मिमी खाली घेतल्यावर उरली ५. म्हणजे ड्रायव्हर बसला की गाडी स्टॉपला टेकलेलीच. आता तुमचा स्प्रिंग रेट, म्हणजे स्प्रिंगचा कडकपणा, डब्यावर काहीही लिहिलेला असो, प्रत्यक्षात तुम्ही फोमच्या ठोकळ्यावर गाडी चालवताय.

पायरी २: रोजच्या गाडीला किती खाली झेपतं

माझं मत स्पष्ट आहे, आपल्या रस्त्यांवर रोज चालवायची गाडी असेल तर २५ मिमी, फार तर ३०. आणि याचं कारण आकड्यांत बघू.

इंडियन रोड्स काँग्रेसचं गतिरोधकासाठी मानक आहे, आयआरसी ९९, त्यात गोलाईचा ब्रेकर १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर लांब आणि १० सेंटीमीटर उंच सांगितलाय, ताशी २५ किमीने पार करता यावा असा. २०१८ च्या स्विफ्टचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २४५० मिमी, ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी. अशी गाडी त्या मानकाच्या ब्रेकरवर पूर्ण चढली तर पोटाखाली तो जेमतेम ४४ मिमी वर येतो, कारण तो ब्रेकर गाडीच्या व्हीलबेसपेक्षा लांब आहे. म्हणजे नियमाप्रमाणे बांधलेला ब्रेकर लोअर केलेल्या गाडीलाही काही करत नाही. त्रास देतात ते गल्लीतले, सोसायटीच्या गेटवरचे, गावाच्या वेशीवर रातोरात डांबर टाकून केलेले उभट ब्रेकर. तसला १० सेंटीमीटरचा ब्रेकर पोटाखालून अख्खा १०० मिमी खातो. १६३ मधून ३५ गेले, उरले १२८, चार माणसं आणि डिकीत सामान घेऊन गणपतीला कोकणात निघालात की गाडी आणखी ३० मिमी सहज बसते, उरले ९८. इंजिनखालचं तेलाचं चेंबर घासलंच. २५ मिमी लोअर असती तर १०८, हळू आणि तिरकी घेतली तर निघते. दहा मिमीचा फरक दिसायला कोणाला कळतही नाही, पण तोच फरक चेंबर वाचवतो.

पायरी ३: स्प्रिंग कुठली आहे ते ओळखा

शॉकअपचं काम स्प्रिंगला आवरायचं, त्यामुळे स्प्रिंग माहीत नसताना शॉकअप निवडणं म्हणजे अंधारात खरेदी. चांगल्या लोअरिंग स्प्रिंग स्टॉकपेक्षा थोड्या कडक असतात, कारण ट्रॅव्हल कमी झाल्यावर तेवढ्याच खड्ड्यात गाडी कमी दबायला हवी. आता इथे एक गैरसमज आहे की स्प्रिंग ३० टक्के कडक तर शॉकअपही ३० टक्के कडक हवा. तसं नाही, डॅम्पिंगची, म्हणजे स्प्रिंगची हालचाल आवरणाऱ्या जोराची, गरज वर्गमुळाच्या हिशोबाने वाढते, म्हणजे स्प्रिंग ३० टक्के कडक असेल तर डॅम्पिंग साधारण १४ टक्के जास्त लागतं, आणि २० टक्के कडक असेल तर १० टक्क्यांच्या आसपास. सौम्य लोअरिंग स्प्रिंगवर नवाकोरा स्टॉक शॉकअप बऱ्यापैकी सांभाळून घेतो तो यामुळेच. लोकांना स्टॉक शॉकअप फुसके वाटतात कारण त्यांचे शॉकअप ६०-७० हजार किमी चाललेले असतात आणि त्यातलं डॅम्पिंग आधीच गेलेलं असतं.

कापलेल्या स्प्रिंग असतील तर कृपया आधी त्या काढा. गरम करून बसवलेल्या असतील तर आजच काढा, उष्णतेने स्प्रिंगचं पाणी उतरतं आणि ती कधीही बसू किंवा तुटू शकते. कापलेल्या स्प्रिंगचं टोक सीटवर नीट बसत नाही, आणि चाक लटकलं की स्प्रिंग सैल पडते. हीच चाचणी सगळ्या लोअरिंग स्प्रिंगना लावा: गाडी जॅकवर उचलून चाक पूर्ण लटकू द्या आणि स्प्रिंग हाताने हलवून बघा. हलली, फिरली, खडखडली तर ती जागेवरून सरकू शकते, वेगात उंचवट्यावरून गाडी हलकी झाली तर हे जिवावर बेतू शकतं. याचा इलाज कडक शॉकअप नाही, आखूड दांड्याचा शॉकअप, जो चाकाला तेवढं खाली लटकूच देत नाही.

पायरी ४: आता शॉकअप, खिशाप्रमाणे

सगळ्यात स्वस्त आणि २०-२५ मिमीपर्यंत माझी पहिली पसंती म्हणजे कंपनीचे नवे जेन्युइन, किंवा त्याच दर्जाचे गॅस भरलेले ट्विन ट्यूब (एकात एक दोन नळ्यांचे), गॅब्रिएल, मन्रो, केवायबी यातलं तुमच्या मॉडेलला जे मिळेल ते. गॅब्रिएल इंडिया १९६१ पासून इथे आहे, चाकण आणि नाशिकला कारखाने आहेत, पार्ट मिळायला त्रास नाही. केवायबीचा एक्सेल-जी हा स्टॉकसारखाच वागण्यासाठी केलेला गॅस ट्विन ट्यूब आहे, तो स्पोर्ट शॉकअप समजून घेऊ नका, पण सौम्य स्प्रिंगसोबत रोजच्या गाडीला पुरेसा आहे. यांची मर्यादा एकच, लांबी स्टॉकची आहे. त्यामुळे गाडी ३० मिमीपेक्षा जास्त खाली नेलीत की पिस्टन बॉडीच्या तळाकडे काम करायला लागतो, आणि त्यात कोणी बंप स्टॉप निम्मा कापून दिला तर जोराच्या खड्ड्यात पिस्टन खालच्या व्हॉल्व्हवर आपटतो. मग तेल गळतं आणि दोष ब्रँडला दिला जातो.

त्याच्या वरचा टप्पा म्हणजे खास लोअर गाडीसाठी केलेले शॉकअप. बिलस्टीनमध्ये आकडे नीट लक्षात ठेवा: बी४ हा स्टॉकच्या जागी, बी६ हा स्टॉक उंचीवर जास्त कंट्रोलसाठी, आणि बी८ हा बी६ चाच आखूड अवतार, लोअरिंग स्प्रिंगसाठी. बी१२ म्हणजे बी८ आणि आयबाखच्या स्प्रिंगचा एकत्र किट. लोअर गाडीला बी६ घेऊन लोक फसतात कारण तो कुठेतरी स्वस्तात दिसतो. कोनीमध्ये एसटीआर डॉट टी हा नारंगी, नॉन-अॅडजस्टेबल आणि तुलनेने परवडणारा, आणि पिवळा कोनी स्पोर्ट ज्याचा रिबाउंड अॅडजस्ट होतो.

या रिबाउंडबद्दल थोडं थांबून सांगतो कारण रोजच्या आरामाचं सगळं रहस्य इथे आहे. चाक खड्ड्याच्या कडेवर आदळतं तेव्हा शॉकअप दबतो, तिथे डॅम्पिंग जास्त असेल तर धक्का सरळ कमरेत येतो. दबलेली स्प्रिंग परत उसळते, तिला आवरायचं काम रिबाउंडचं. लोअरिंग स्प्रिंग कडक असते म्हणून जास्तीचं डॅम्पिंग मुख्यतः रिबाउंडला हवं, दाबाला नको. स्वस्तातले स्पोर्ट म्हणून विकले जाणारे बरेच शॉकअप दाबालाच दगडासारखे असतात, हाताने ढकलून बघितलं की ग्राहक खूश होतो की काय कडक आहे, आणि मग गाडी प्रत्येक सांध्यावर उडते. उलट टोकाला रिबाउंड खूप आवळला तर एक्सप्रेसवेच्या रम्बलर पट्ट्यांवर किंवा खडबडीत डांबरावर शॉकअपला परत लांब व्हायला वेळच मिळत नाही, प्रत्येक धक्क्याला गाडी थोडी थोडी खाली जात शेवटी स्टॉपवर बसते. अॅडजस्टेबल घेतलात तर सगळ्यात मऊ सेटिंगपासून सुरुवात करा आणि ब्रेकर उतरल्यावर गाडी एकदाच उसळून शांत होईल इथपर्यंतच आवळा. काही मॉडेलना मागचा शॉकअप काढून पूर्ण दाबूनच अॅडजस्ट करता येतो, ते आधी विचारा.

मोनो ट्यूब की ट्विन ट्यूब यावर फार डोकं लावू नका. मोनो ट्यूबमध्ये एकच नळी असते, गॅसचा दाब बराच जास्त असतो, साधारण २० बारच्या वर, तेलात फेस होत नाही, घाटात उतरताना कंट्रोल टिकतो, पण तो दाब दांड्याला बाहेर ढकलतो म्हणून गाडी काही मिमी वर येते, आणि बॉडीला दगडाचा खड्डा पडला तर पिस्टन तिथे अडकतो कारण तो त्याच नळीत फिरतो. ट्विन ट्यूबला बाहेरच्या नळीवरचा छोटा चेंदा सहन होतो, आणि तेवढ्याच लांबीत ट्रॅव्हल जास्त मिळतो. रोजच्या गाडीला गॅसवाला ट्विन ट्यूब मला जास्त समजूतदार पर्याय वाटतो.

आखूड शॉकअप मागवताना सगळ्यात मोठी अडचण आपल्याकडच्या मॉडेलची. पोलो २०२२ पर्यंत चाकणला बनत होती आणि युरोपातल्या पोलोची भावंड आहे, त्यामुळे तिला परदेशी पार्टची निवड बरीच, तरीही इथली गाडी उंच ठेवलेली असल्याने युरोपच्या कॅटलॉगमधला ३० मिमीचा किट इथे जास्त खाली नेऊ शकतो. ऑर्डरच्या आधी स्ट्रटचा व्यास, खालच्या क्लॅम्पची भोकं, स्प्रिंग सीट आणि लिंक रॉडचा ब्रॅकेट कुठे आहे हे जुन्या नगाशी जुळवा. फोटोवर विश्वास ठेवू नका, माप मागा.

स्वस्त कॉइलओव्हरबद्दल, म्हणजे उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपच्या एकत्र नगाबद्दल, विचारणारे खूप. रोजच्या गाडीला मी नाही म्हणतो, एक प्रकार सोडून. ज्यात फक्त स्प्रिंगची सीट वर-खाली होते त्यात गाडी खाली घेतली की ट्रॅव्हलही जातो, म्हणजे मूळ दुखणं तसंच. ज्यात बॉडीच खालच्या ब्रॅकेटमध्ये फिरून लांबी बदलते तिथे उंची बदलली तरी ट्रॅव्हल तोच राहतो, तो विचारात घ्या, तेही त्याचे सील आणि सुटे पार्ट इथे मिळत असतील तरच. आपल्या पावसात आणि चिखलात ते आटे गंजून जाम होतात, दर पावसाळ्यानंतर साफ करून ग्रीस लावायची तयारी हवी.

तेल भरून, कापून वेल्डिंग करून रिपेअर केलेले शॉकअप घेऊ नका, पुढच्या स्ट्रटला तर मुळीच नाही. कुर्ल्याच्या मार्केटमधले जुने काढलेले नगही त्याच यादीत, स्वस्त मिळतात पण आतलं डॅम्पिंग किती शिल्लक आहे हे डोळ्यांनी कळत नाही. पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुठेही नवे घेताना पक्कं बिल घ्या, डुप्लिकेट माल या धंद्यात भरपूर फिरतो. आणि वॉरंटी लोअर केलेल्या गाडीला लागू आहे का हे बिलाआधी विचारा.

पायरी ५: शॉकअपसोबत हे बदलाच

स्ट्रट उघडलाच आहे तर वरचं माउंटिंग, त्याचं बेअरिंग, डस्ट कव्हर आणि बंप स्टॉप नवे टाका. मजुरी तीच लागणार आहे आणि जुनं माउंटिंग ठेवलंत तर ठक ठक तशीच राहते, मग माणूस नव्या शॉकअपला शिव्या देतो. आखूड शॉकअपसोबत त्याच कंपनीने सांगितलेला बंप स्टॉप वापरा, काहींच्या आतच असतो, तिथे बाहेरून दुसरा घालायचा नाही. लिंक रॉड, लोअर आर्मचे रबरी बुश, बॉल जॉइंट हलवून तपासा, खाली घेतलेल्या गाडीत लिंक रॉडचा कोन बदलतो आणि ते लवकर वाजतात. बजेट करताना हे सगळं धरूनच करा, नाहीतर महाग शॉकअप आणि फाटलेले बुश अशी गाडी होते.

पायरी ६: फिटिंगला स्वतः उभे राहा

मेकॅनिकच्या डोक्यावर बसायचं नाही, पण चार गोष्टी बघायच्या. वरच्या नटला इम्पॅक्ट गन लावायची नाही, दांडा आत गरागरा फिरून सील खराब होतं. दांडा पान्याने किंवा पकडीने धरायचा नाही, क्रोमवर एक ओरखडा पडला तरी तिथूनच तेल गळायला लागतं. ट्विन ट्यूब नग आडवे ठेवलेले असतात, बसवण्याआधी उभे धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून सोडायचे म्हणजे आतली हवा निघते. स्प्रिंग दाबायला नीट कॉम्प्रेसरच हवा, तारेने बांधून काम करणारा माणूस दिसला तर गाडी घेऊन परत या, दबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो.

अजून एक, आणि हे बहुतेक गॅरेजमध्ये चुकतं. ज्या बोल्टमधून रबरी बुश जातो, म्हणजे मागच्या शॉकअपचा खालचा बोल्ट, लोअर आर्मचे बोल्ट, ते चाकं लटकलेली असताना फायनल टाइट करायचे नाहीत. गाडी चाकांवर उभी करून, तिच्या रोजच्या उंचीवर टाइट करायचे. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं, गाडी जरा वर राहते आणि बुश काही महिन्यांत फाटतो.

पायरी ७: नंतरची कामं

लगेच एक ढोबळ अलाइनमेंट, आणि काही शे किलोमीटर चालवून स्प्रिंग बसल्या की पक्कं. स्ट्रटची गाडी खाली आली की थोडा निगेटिव्ह कॅम्बर येतो, म्हणजे चाकाचं वरचं टोक आत झुकतं, त्याने फारसं बिघडत नाही, टायर खातो तो टो, म्हणजे चाकांची पुढची टोकं आत किंवा बाहेर वळलेली असणं. अलाइनमेंटच्या प्रिंटमध्ये टो बरोबर आला की नाही ते बघून मगच पैसे द्या. हेडलाइटची लेव्हलही तपासा, पुढून-मागून सारखी खाली आली नसेल तर समोरच्याच्या डोळ्यात लाइट जातो.

कागदांचंही बघा. झिजलेले शॉकअप बदलणं हे साधं मेंटेनन्स आहे, पण गाडी कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा बदलणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये येतं, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल चालणार नाहीत असं सांगितलंय. म्हणून काढलेल्या स्टॉक स्प्रिंग आणि चांगल्या अवस्थेतले जुने भाग भंगारात देऊ नका, तेल लावून, गोणपाटात गुंडाळून ठेवा. इन्शुरन्स कंपनीला बदल कळवा, क्लेमच्या वेळी वाद नको.

पहिल्या हजार किमीनंतर एकदा खाली वाकून बघा. दांड्याजवळ तेलाचा हलका ओलसर थर आणि त्यावर धूळ चालते, ओघळ चालत नाही, ओघळ दिसला तर बिल घेऊन सरळ दुकानात. पुढची ब्रेकची होज आणि एबीएसची वायर स्ट्रटच्या ब्रॅकेटमध्ये परत नीट अडकवली आहे का, स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा, ताणली किंवा टायरला घासत नाही ना. आणि टायरवरून हात फिरवा, कुठे उंच कुठे खोलगट असं लागायला लागलं तर कुठला तरी शॉकअप चाकाला रस्त्यावर धरून ठेवत नाहीये, तो आधी शोधा आणि मगच नवीन टायर घ्या.